धरणाऱ्याचे हात

त्या वर्षी खालच्या खाणीचा दगड सडला. वरून काळाभोर, घणाला खणखणीत उत्तर देणारा. पण हातभर आत गेलं की पिवळा, भुसभुशीत, मुठीत चुरावा असा. दगड सडतो हे दगडाच्या घरात राहणाऱ्यांना खरं वाटत नाही. खाणीवरच्या बाईला विचारा. तिच्या चुलीला ते आधी कळतं.

खालच्या खाणीवर बारा घरं होती, वरच्या खाणीवर चौदा. मधे कोरडा ओढा आणि त्यावर टाकलेली एक फळी. दोन्हीकडची पोरं त्या फळीवरून पळत लहानाची मोठी झालेली. दगड सडला आणि महिन्याभरात फळीवरून कुणी सरळ मनाने चालेना. खालचे म्हणायचे, वरच्या खाणीत दगडाची नवी भिंत उघडतेय, तिच्यात आम्हालाही अर्धं काम द्या. वरचे म्हणायचे, आमच्या तोंडचा घास काय म्हणून द्यायचा?

मुकादम शहाणा. त्याने स्वतःच्या डोक्यावर काही घेतलं नाही.

"भोक पाडून ठरवा," म्हणाला. "तुमच्या बापजाद्यांनी ठरवलं तसंच."

ही तिथली जुनी रीत. भांडण लागलं की दोन्ही बाजूंनी एकेक जोडी द्यायची: एक घण घालणारा, एक पहार धरणारा. एकाच खडकावर, पाच पावलांच्या अंतराने, हातभर खोल भोक. ज्याचं आधी पुरं होईल त्याची भिंत.

वरच्या खाणीची जोडी सगळ्यांना ठाऊक होती. घण घालणारा थोरला, आणि धरणारा त्याचा सोळा वर्षांचा भाऊ, धाकटा. बापाच्या एका डोळ्यात कपची गेल्यापासून घर या दोघांच्या हातांवर उभं होतं. आई खडी फोडायची. ती म्हणायची, "थोरल्याच्या हातात ताकद दिली, धाकट्याच्या हातात अक्कल दिली. दोघं मिळून एक धड माणूस."

धाकट्याचे हात खरंच तसे होते. धरणाऱ्याचं काम दिसतं सोपं. दोन्ही मुठींत पहार उभी धरायची, घाव पडला की बोटभर फिरवायची, पुन्हा घाव, पुन्हा फिरवायची. भोकात भुकटी साठली की पळीने काढायची, पाणी ओतायचं. पण डोक्यावर दहा शेरांचा घण असतो आणि मुठीपासून तो चार बोटांवर पडतो. म्हणून नियम एकच. घालणाऱ्याने पहारेच्या डोक्याकडे बघायचं, धरणाऱ्याने टोकाकडे. तोंडाकडे कुणी कुणाच्या बघायचं नाही. धरणाऱ्याने मान वर केली की मनगट कलतं, मनगट कललं की पहार कलते, आणि घण मात्र जिथं यायचा तिथंच येतो.

धाकट्याने आयुष्यात एकदाच मान वर केली होती.

त्याच साली, दगड सडायच्या आधी. थोरला तापाने पडला होता, तेव्हा मुकादमाने खालच्या खाणीतला तांबड्या आठ दिवस जोडीला दिला. मुरमाच्या धुळीने त्याचे केस कायम तांबडे, म्हणून तांबड्या. सतरा वर्षांचा, पण घण असा घालायचा की दगडालाच लाज वाटावी. घालताना तोंडाने हलकं हुंकारायचा. फळीपलीकडे असला की पहारेचे तीन टोले दगडावर मारायचे, म्हणजे तो "आलो" म्हणून यायचा. ही खूण त्या दोघांची. पाणी प्यायला बसले की तो ओंजळीतलं अर्धं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतायचा आणि कुत्र्यासारखं झटकायचा. धाकटा भिजायचा. पुसायचा नाही.

आठव्या दिवशी धाकट्याने वर बघितलं. का बघितलं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. वर ऊन होतं, घण होता आणि मधे ते तोंड. पहार कलली. तांबड्याने हवेतच घण वळवला, तो जमिनीत रुतला आणि तांबड्या स्वतः गुडघ्यांवर पडला.

"मरायचंय का रे तुला?" तो ओरडला. मग त्याने धाकट्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचा आवाज खाली आला. "असं नको करू परत."

एवढंच. पण कडेला टग्या उभा होता.

टग्या म्हणजे वरच्या खाणीच्या पोरांचा म्होरक्या. वय अठरा, खांदे दरवाज्याएवढे. आपल्याला कुणी हसेल या भीतीने सगळ्यांना आधीच हसून घेणारा.

"काय रे," तो म्हणाला, "पहारेचं टोक कुठं असतं? त्याच्या तोंडावर?"

पोरं हसली. आणि त्या दिवसापासून धाकट्याचं नाव पडलं, नवरी.

नाव पडणं ही खाणीवर काही मोठी गोष्ट नव्हती. प्रत्येकाला नाव होतं. पण बाकीच्यांची नावं हाक मारण्यापुरती असत. या नावाला हात होते. धाकटा टाकीवर पाणी भरायला गेला की मागून कुणीतरी गुद्दे मारायचं. एकदा चौघांनी धरून त्याच्या तोंडाला दगडाची भुकटी फासली. "नवरीला पावडर नको?" भुकटी डोळ्यांत गेली, तो पुसायला गेला तर हात धरले. एकदा टग्याने त्याची मान धरून तोंड टाकीत बुडवलं. मोठ्याने आकडे मोजत होता, आणि पंधरानंतर मुद्दाम पुन्हा दहावर आला. धाकट्याने पाणी गिळलं, ओकलं, आणि कपडे पिळून घरी गेला.

"भिजलास कसा?" आईने विचारलं.

"टाकीत पडलो."

बाप भिंतीला टेकून एका डोळ्याने पहारेला धार आली का ते बघत होता. "पोरांत मार खाल्ल्याशिवाय पोराचा माणूस होत नाही," म्हणाला.

थोरल्याच्या कानावर मात्र नाव गेलं होतं. त्याने धाकट्याला घरामागे नेलं आणि काही न विचारता दोन कानाखाली दिल्या.

"त्यांना मार ना," धाकटा म्हणाला. "मला काय मारतोस?"

"त्यांना मारून काय होणार? नाव तुझं आहे." थोरल्याचा श्वास फुलला होता. "खरं आहे का ते? नको, सांगू नको. खरं असलं तरी नको सांगू. पाय आपटत चालत जा जरा. शिव्या देत जा. देता येतात ना?"

धाकट्याने शिव्या द्यायला सुरुवात केली. ओढ्याकाठी एकटा बसून म्हणून बघायचा. तोंडात खडे घेऊन बोलल्यासारखं व्हायचं. सिगारेट ओढली, खोकला. पोरं मुलींबद्दल काही बोलली की सगळ्यांत आधी हसायचा, आणि हसण्याची वेळ चुकायची. आपल्यात जे आहे त्याला शब्द कुठला हेच त्याला माहीत नव्हतं. एकच शब्द कानावर आलेला, आणि तो टग्याचा.

मग दगड सडला, वाद पेटला, आणि पैजेचा दिवस ठरला. खालच्या खाणीकडून घण घालणार होता तांबड्या. धरणार त्याचा बाप.

पैजेच्या आदल्या दुपारी, सगळे जेवून सावलीला लवंडले होते तेव्हा, टग्या आणि तिघं धाकट्याला जुन्या खाणीत घेऊन गेले. ती खाण कधीचीच सोडलेली. तिन्ही बाजूंनी भिंत, तळाला तापलेला दगड. टग्याच्या खांद्यावर घण होता.

"तांबड्याचा हात चालला तर तुझा भाऊ हरतो," टग्या म्हणाला. "खोटं बोलतोय का मी?"

धाकट्याने त्याच्या खांद्यावरच्या घणाकडे बघितलं.

"चौदा घरं आहेत आपली. माझी आई आठव्या महिन्याची पोटुशी, तीपण खडी फोडतेय. अर्धी भिंत गेली तर अर्ध्या घरांनी काय दगड चावायचे? तर त्याचा हात उद्या चालता कामा नये. तू बोलावलंस की येतो ना तो?"

"नाही येत."

टग्याने पहार उचलून त्याच्या हातात दिली. "तीन टोले. आम्हाला काय कान नाहीत?"

"मी नाही करणार."

पहिला गुद्दा पोटात बसला. दुसरा कानावर. तिसऱ्याने त्याला खाली पाडलं आणि एकाने त्याच्या पाठीवर पाय ठेवला. टग्या मात्र शेजारी उकिडवा बसला आणि अगदी मायेने बोलला. "ऐक. मारायचा कंटाळा आलाय मला तुला. आज हे केलंस ना, तर ते नाव संपलं. मी संपवलं. परत कुणी उच्चारलं तर त्याचे दात मोजून काढीन. आणि नाही केलंस, तर उद्या पैज लागायच्या आधी, सगळ्यांसमोर, तुझ्या बापासमोर मी सांगणार की तू कुणाचं तोंड बघत होतास. म्हाताऱ्याचा एक डोळा राहिलाय. त्याने त्याला काय काय बघायचं?"

धाकटा उठला. त्याने पहार घेतली. दगडावर तीन टोले मारले. हात इतके सवयीचे की टोले बरोबर पडले.

तांबड्या फळीवरून आला. हसत येत होता. "काय रे, उद्याच्या आधी हार मान म्हणायला बोलावलंस?" मग त्याला बाकीचे दिसले. तो पळाला नाही. त्याने धाकट्याकडे बघितलं.

तिघांनी त्याला पाडलं. तो चांगला लढला, एकाचं नाक फुटलं. पण शेवटी एकजण पायांवर, एकजण छातीवर, तिसऱ्याने डावा हात दाबलेला. उजवा मोकळा राहिला.

"धर," टग्या म्हणाला.

धाकटा उभाच.

"तू धरणारा ना? मग धर. मनगट दगडावर ठेव आणि धर."

धाकटा खाली बसला. दोन्ही मुठींत त्याने ते मनगट धरलं, जसं रोज पहार धरायचा तसं. नाडी उडत होती. तांबड्याने डावा हात कसाबसा सोडवला आणि धाकट्याच्या दंडात बोटं रुतवली. ओढलं नाही, ढकललं नाही. नुसता धरून राहिला.

"माझ्याकडं बघ," तांबड्या म्हणाला. "ए. बघ ना माझ्याकडं."

धाकट्याने दगडाकडे बघितलं. आयुष्यात कधी बघितलं नव्हतं इतक्या नीट बघितलं. दगडावर एक पांढरी शीर होती, नखाएवढी.

घण पडला.

दगडाचा आवाज आला नाही. ओल्या लाकडाचा यावा तसा आला. मग तांबड्याचा. तो आवाज भिंतींवर तीनदा फिरला.

परत येताना टग्याने त्याच्या खांद्यावर हात टाकला. नाक फुटलेल्या पोराने सिगारेट दिली. "घट्ट धरलंस की रे," कुणीतरी म्हणालं. टाकीवर त्याला आधी पाणी पिऊ दिलं. कित्येक महिने तो ज्याच्यासाठी आसुसला होता ते सगळं एका दुपारीत मिळालं. घराच्या कोपऱ्यावर येऊन त्याने ती सिगारेट न ओढताच पायाखाली चुरडली.

आईने ताट वाढलं. त्याने नेहमीसारखा हात पुढे केला, आणि बाही वर गेली.

"हे कसले वण?"

"काटे लागले."

आई जवळ आली. दंडावरच्या एकेका खुणेवर तिने आपलं बोट ठेवलं, चार एका बाजूला, एक दुसरीकडे. "काट्याला पाच बोटं असतात होय?" म्हणाली. बाप तिकडून म्हणाला, "जेवू दे त्याला, उद्या धरायचंय." पण तिने आपलं ताट घेतलं नाही त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालची माणसं फळीवरून आली ती गप्प आली. खालच्यांच्या बायका मात्र चालता चालता बोलत होत्या, आणि त्या जे बोलत होत्या ते लिहिण्यासारखं नव्हतं. मुकादमाने खडकावर खडूने दोन फुल्या मारल्या. मग तांबड्या पुढे आला. उजवा हात फडक्याने छातीला बांधलेला, कोपरापर्यंत सुजून काळानिळा. त्याचा बाप घण घेऊन उभा राहिला. साठीचा माणूस, मान हलणारी. तांबड्या खाली बसला आणि त्याने डाव्या हातात पहार धरली.

"हात कसा मोडला रे?" मुकादमाने विचारलं.

"पडलो," तांबड्या म्हणाला. त्याने कुणाकडेच बघितलं नाही.

धाकट्याला वाटलं होतं तो नाव घेईल. रात्रभर त्याने त्याचीच तयारी केली होती. नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मुकादमाने इशाऱ्याचं फडकं खाली टाकलं.

थोरल्याचा घण एका लयीत पडायला लागला. घाव, फिरव. घाव, फिरव. धाकट्याची नजर टोकावर. पलीकडून म्हाताऱ्याचा घाव यायचा, हळू, मधे दम घेऊन. धाकट्याचे कान मात्र त्या बाजूला. एक घाव. अजून जिवंत. एक घाव. अजून जिवंत. म्हातारा कसाबसा मारतोय आणि खाली एकच हात आहे, दुसरा धरायला नाही, तो मीच घेतला.

पाऊण हात झालं. वरच्यांनी ओरडायला सुरुवात केली. टग्या सगळ्यांत पुढे. "बास, चार बोटं राहिली! बास!"

आणि पलीकडचा आवाज थांबला.

तांबड्याला पळीने भुकटी काढता यावी म्हणून थांबला होता म्हातारा. प्रत्येक धरणाऱ्याला ते कळतं. शंभर टोल्यांनी एकदा थांबावंच लागतं. धाकटाही ते दिवसातून पन्नास वेळा करायचा. पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात एकच आलं, की म्हाताऱ्याचा घाव चुकला, दुसराही हात गेला. त्याने मान वर केली.

तांबड्या तिथं बसलेला होता. धड. तोंडावर घाम, ओठ घट्ट. तो धाकट्याकडेच बघत होता.

थोरल्याचा घण आला.

पहिल्यांदा दुखलं नाही. थोरला ओरडला आणि घण फेकून त्याच्यावर वाकला. डाव्या मुठीच्या जागी भलतंच काही होतं, पहारेवर रक्त उतरत होतं आणि भोकातलं पाणी लाल झालं होतं. आई खडीच्या ढिगावरून धावत आली. डोक्याचं फडकं ओढून तिने तो हात गुंडाळला आणि घट्ट, घट्ट आवळला.

"वर का बघितलंस?" थोरला रडत होता आणि त्याला हलवत होता. "अरे लहान पोर पण बघत नाही! वर का बघितलंस?"

धाकट्याच्या डोळ्यांपुढे अंधार येत होता. अंधारात बोलायला सोपं जातं. तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला.

"मला त्याला बघायचं होतं."

"कुणाला?"

"तांबड्याला. काल बघितलं नाही. काल त्याचा हात मी धरला आणि टग्याने घण घातला, तेव्हा तो म्हणत होता बघ, आणि मी बघितलं नाही." त्याने श्वास घेतला. "टग्या म्हणतो ते खरं आहे. मी त्याचंच तोंड बघत होतो. पहिल्यापासून."

टग्या हसायला गेला. हसू अर्ध्यावर असताना तांबड्याच्या बापाने पहार उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली.

मग जे झालं त्याला भांडण म्हणत नाहीत. खाणीवर दगडाला तोटा नसतो. ज्याच्या हाताला जे आलं ते त्याने फेकलं. बायकांनी टोपल्यांतून खडी पुरवली. मुकादम पहिल्या दगडालाच झोपडीत शिरला. एकाचा जबडा, दोघांची डोकी, टग्याचा पाय. आणि त्या सगळ्याच्या मधे बाप चाचपडत आला, धाकट्यासमोर उभा राहिला.

"तू धरलास?" त्याने विचारलं. "दुसऱ्याचा हात, घणाखाली, तू धरलास?"

"हो."

बापाने मोडक्या हाताच्या पोराच्या तोंडात मारली. "ते दुसरं काय बोललास ते मला कळत नाही," म्हणाला. "मी अडाणी. पण हे कळतं. खाणीत मारणारा सुटतो रे. धरणारा सुटत नाही."

आणि तिथंच, दगड पडत असताना, तो पोराच्या अंगावर आडवा झाला. एक दगड त्याच्या पाठीत बसला. तो हलला नाही.

दोन्ही भोकं अर्धीच राहिली. मुकादमाने भिंत तिसऱ्याच, बाहेरून आलेल्या टोळीला दिली. तेवढं त्याला छान जमलं. खालची निम्मी घरं खाण सोडून गेली, वरचीही गेली. टग्या पुढे लंगडतच चालला; धाकट्याला तो वाटेत भेटला की मान फिरवायचा. नवरी मात्र पुन्हा कुणी म्हणालं नाही. धाकट्याने स्वतःच सांगितल्यावर त्या शब्दात मारायला काही उरलं नव्हतं. बोलतही कुणी नव्हतं म्हणा. थोरला त्याला जेवताना पाणी पुढे सरकवायचा, तेवढंच.

कंपाउंडरने दोन बोटं काढली. उरलेली वाकत नव्हती. जखम भरल्यावर आईने त्याला खडीच्या ढिगावर नेलं. बायकांचं काम, म्हाताऱ्यांचं काम. डाव्या हाताने दगड धरायचा, उजव्याने हातोडी. पण डाव्यात दगड राहीना. घाव पडला की उडायचा, एकदा कपाळाला लागला, एकदा शेजारणीला. बायका कुजबुजायच्या. आई म्हणायची, "तुमची पोरं पहिल्या दिवशी चालली होती वाटतं!"

तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर फळी वाजली.

तांबड्या येत होता. उजवा हात आता बांधलेला नव्हता. नुसता लोंबत होता, बोटं आत वळून घट्ट झालेली. तो ढिगापाशी आला आणि धाकट्याच्या समोर, मधे एक दगड ठेवून, खाली बसला. बायकांच्या हातोड्या थांबल्या.

"आईने धाडलं," तो म्हणाला. "एका हाताने खडी फुटत नाही. घरात बसून जेवण मिळत नाही."

"तांबड्या, मी—"

"ते नको." त्याचा आवाज खडीसारखा होता. "माफ बिफ काही केलं नाही मी तुला. करीन की नाही ते पण माहीत नाही. मधूनमधून झोपेत तुझा गळा दाबतो मी. समजलं?"

"समजलं."

"माझ्याकडं डावा आहे. तुझ्याकडं उजवा आहे."

त्याने दगड उचलला आणि मोठ्या दगडावर टेकवला. डाव्या हाताने धरला. त्याला उरलेला तेवढा एकच हात. बोटं पसरून, घट्ट.

धाकट्याने हातोडी उचलली. दुसऱ्याने धरलेल्यावर त्याने आयुष्यात कधी घाव घातला नव्हता. तो नेहमी खालचा. वरून बघितलं की समोरच्याची बोटं किती उघडी दिसतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"मला जमणार नाही," तो म्हणाला.

"जमेल," तांबड्या म्हणाला. त्याची नजर खाली, दगडाच्या टोकावर होती. "दगडाकडं बघ. मार."

आईने आपली हातोडी चालू केली, मग शेजारणीने. धाकट्याने दगडाकडे बघितलं, हात वर नेला, आणि मारला.